शिशूंचे श्वसनविषाणूंपासून संरक्षण : आरएसव्ही प्रतिबंधाचा इतिहास (१९५६ ते २०२५)

प्रस्तावना

लसीकरणाचा इतिहास बहुधा विजयाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. देवीचे उच्चाटन झाले, पोलिओ हटला, गोवर आटोक्यात आला, अशी त्याची मांडणी असते. या मांडणीत अयशस्वी ठरलेल्या लसींना फारसे स्थान मिळत नाही. परंतु बालआरोग्याच्या इतिहासात असा एक विषाणू आहे की ज्याच्या बाबतीत यशाची वाट एका मोठ्या अपयशातूनच गेली. हा विषाणू म्हणजे ‘रेस्पिरेटरी सिन्शियल व्हायरस’, संक्षेपाने आरएसव्ही.

मोठ्या माणसाला हा विषाणू साध्या सर्दीपलीकडे सहसा काही करीत नाही. पहिल्या काही महिन्यांच्या बाळाची गोष्ट मात्र वेगळी असते. त्याच्या फुप्फुसातील सूक्ष्म श्वासनलिका इतक्या अरुंद असतात की थोडी सूज आणि थोडा चिकट स्राव एवढ्यानेही त्या बंद होतात. बाळाला धाप लागते, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो, ते अंगावर पिणे सोडते. या विकारास वैद्यकात ब्राँकिओलायटिस म्हणतात. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात जगातील पाच वर्षांखालील बालकांमध्ये या विषाणूमुळे श्वसनमार्गाच्या खालच्या भागातील आजाराचे सुमारे ३ कोटी ३० लाख प्रसंग घडले आणि १ लाख १ हजार ४०० बालके दगावली. त्यांपैकी ४५ हजार ७०० बालके सहा महिन्यांच्या आतील होती.

गोवराचा विषाणू १९५४ मध्ये प्रयोगशाळेत वेगळा काढण्यात आला आणि १९६३ मध्ये त्यावरील लसीला परवाना मिळाला. आरएसव्हीचा शोध १९५६ मधील. परंतु सर्वसाधारण शिशूंना त्यापासून वाचविणारे साधन व्यवहारात येण्यास २०२३ साल उजाडले. एका विषाणूच्या बाबतीत नऊ वर्षे आणि दुसऱ्याच्या बाबतीत सदुसष्ट वर्षे, हे अंतर का पडले, हा प्रस्तुत निबंधाचा मूळ प्रश्न आहे.

उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) आरएसव्ही प्रतिबंधाच्या प्रयत्नांचा कालक्रमाने आढावा घेणे.
२) १९६६ च्या लसप्रयोगाच्या अपयशाचे पुढील संशोधनातील स्थान तपासणे.
३) उपलब्ध झालेले संरक्षण आणि प्रत्यक्ष मृत्यू घडणारे प्रदेश यांतील अंतराची कारणे शोधणे.

निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित वैद्यकीय संशोधन आणि आंतरराष्ट्रीय आरोग्य संस्थांची प्रसिद्ध धोरणे यांचा आधार घेतला आहे. अपयशाची जेथे काटेकोर नोंद झाली तेथे ज्ञान पुढे सरकले आणि जेथे मृत्यूचीच नोंद झाली नाही तेथे कार्यक्रम पोहोचण्यास विलंब झाला, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

विषाणूची ओळख

अमेरिकेतील वॉल्टर रीड लष्करी संशोधन संस्थेत १९५५ मध्ये चिंपांझींच्या एका समूहात सर्दीची साथ आली. त्यातून मिळालेल्या नव्या विषाणूचे वर्णन मॉरिस, ब्लाउंट व सॅव्हेज यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. विषाणूचे प्रथम नावही चिंपांझींच्या सर्दीवरूनच पडले होते. माकडकुळातील प्राण्यांचा हा किरकोळ आजार, असाच तेव्हा समज होण्यासारखा होता.

पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, रॉबर्ट चॅनॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना बाल्टिमोर येथील श्वसनविकाराने आजारी असलेल्या शिशूंमध्ये हाच विषाणू आढळला. प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशी या विषाणूमुळे एकमेकींत मिसळून एक मोठा पेशीसमूह तयार होतो. अशा समूहास ‘सिन्शियम’ म्हणतात. त्यावरून विषाणूस आजचे नाव मिळाले. अल्पावधीतच शिशूंच्या ब्राँकिओलायटिसचे हेच प्रमुख कारण असल्याचे स्पष्ट झाले. पोलिओवरील साल्क यांच्या लसीला १९५५ मध्ये परवाना मिळालेला होता. विषाणू वाढवावा, फॉर्मालिनने मारावा आणि टोचावा, ही रीत सिद्ध झालेली होती. तीच रीत येथेही लागू पडेल, अशी अपेक्षा धरणे त्या काळी स्वाभाविक होते.

१९६६ चा प्रयोग

फॉर्मालिनने निष्क्रिय केलेली आरएसव्ही लस १९६६ मध्ये अमेरिकेतील बालकांना देण्यास प्रारंभ झाला. ही चाचणी एकाच ठिकाणी झाली नाही. वॉशिंग्टन, डेन्व्हर, कॅलिफोर्नियातील फोर्ट ऑर्ड ही तिची ठिकाणे होती. वॉशिंग्टनमधील चाचण्यांपैकी एक ‘ज्युनियर व्हिलेज’ या निराधार बालकांच्या सरकारी संस्थेत झाली. या बालकांच्या वतीने संमती कोणी आणि कोणत्या अधिकाराने द्यायची, हा प्रश्न आज आपल्याला प्रथम सुचतो. त्या काळी अमेरिकेत संशोधनातील मानवी सहभागाविषयी सर्वंकष कायदा नव्हता. तो १९७४ मध्ये आला आणि त्यामागील नैतिक तत्त्वे मांडणारा बेलमाँट अहवाल १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला.

लस टोचल्यानंतर बालकांच्या रक्तात प्रतिपिंडे दिसू लागली. वरवर पाहता लस काम करीत होती. पुढे विषाणूची साथ आली तेव्हा मात्र चित्र पालटले. वॉशिंग्टनमधील सर्वात लहान वयोगटाच्या चाचणीत ३१ शिशूंना ही लस मिळाली होती. त्यांपैकी २० शिशूंना संसर्ग झाला आणि त्यांतील १६ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. तुलनेसाठी घेतलेल्या गटात २१ शिशूंना संसर्ग झाला; त्यांतील एकालाच रुग्णालयात न्यावे लागले. म्हणजे लस मिळालेल्यांत हे प्रमाण ८० टक्के आणि न मिळालेल्यांत ५ टक्के होते. लस घेतलेली दोन बालके दगावली. मृत्यूसमयी एकाचे वय १४ महिने, तर दुसऱ्याचे १६ महिने होते.

लस निरुपयोगी ठरणे आणि लस अपायकारक ठरणे यांत फार मोठे अंतर आहे. येथे दुसरा प्रकार घडला होता. ज्या विषाणूपासून वाचवायचे त्याच्याच आजाराला लसीने अधिक उग्र केले होते.

नोंदीचे मूल्य

या प्रसंगानंतर संशोधकांनी काय केले, हे इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. चारही चाचण्यांचे निष्कर्ष १९६९ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ एपिडेमिऑलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध करण्यात आले. किती शिशूंना लस दिली, किती आजारी पडले, किती दगावले, हे आकडे त्यात स्पष्टपणे दिलेले आहेत. आपण वर दिलेले आकडे त्याच नोंदीतून आलेले आहेत. शिवाय दगावलेल्या बालकांच्या फुप्फुसांचे नमुने जपून ठेवले गेले.

या नोंदींचा तात्कालिक परिणाम संशोधन थांबण्यात झाला. शिशूंना आरएसव्हीची लस टोचण्याचे धाडस पुढील काही दशके कोणी सहजासहजी केले नाही. या विलंबाची किंमत असंख्य बालकांनी मोजली, हे नाकारता येत नाही. मात्र नोंद दडपली गेली असती, तर त्याच पद्धतीची लस दुसऱ्या कोणी, दुसऱ्या देशात पुन्हा टोचली असती, ही शक्यताही तितकीच खरी आहे.

नोंदीचा दूरगामी परिणाम वेगळा झाला. सुमारे पस्तीस वर्षांनंतर, २००२ मध्ये, फर्नांडो पोलॅक व सहकाऱ्यांनी त्या दोन बालकांच्या फुप्फुसांचे जपलेले नमुने पुन्हा तपासले. प्रतिपिंडे विषाणूला चिकटली होती, पण त्याला निष्प्रभ करू शकली नव्हती. उलट प्रतिपिंड व विषाणू यांची जोडगोळी फुप्फुसात साचून दाह वाढल्याच्या खुणा त्यांना आढळल्या. प्रतिपिंडांची संख्या आणि त्यांची गुणवत्ता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा त्यातून मिळाला. १९६६ मध्ये संख्या मोजली गेली होती. गुणवत्ता मोजण्याची साधने तेव्हा पुरेशी नव्हती.

उसनी प्रतिकारशक्ती

शिशूच्या शरीराला प्रतिपिंडे तयार करावयास लावण्याचा मार्ग बंद झाल्यावर दुसरा मार्ग पुढे आला. तयार प्रतिपिंडेच शिशूला द्यावयाची, हा तो मार्ग होय. ही कल्पना निसर्गाला नवी नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात. बाळाचे पहिले काही महिने या शिदोरीवर निभावतात. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे पॉल ग्लेझन व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आईकडून मिळालेली आरएसव्ही-प्रतिपिंडे आणि शिशूचा आजार यांचा संबंध दिसून आला होता. आईकडून अधिक प्रतिपिंडे मिळालेल्या बाळांना अधिक संरक्षण होते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ही शिदोरी पुरेशी मिळत नाही, कारण ती देण्याच्या काळातच त्याचा जन्म झालेला असतो. म्हणून कृत्रिम संरक्षणाचा विचार प्रथम याच बालकांसाठी झाला. १९९६ मध्ये रक्तदात्यांच्या रक्तापासून काढलेल्या प्रतिपिंडांच्या मिश्रणाला अमेरिकेत परवाना मिळाला. पण ते शिरेतून बराच वेळ द्यावे लागे. १९९८ मध्ये पॅलिव्हिझुमॅब हे मोनोक्लोनल प्रतिपिंड, म्हणजे एकाच प्रकारचे व प्रयोगशाळेत तयार केलेले प्रतिपिंड, स्नायूत टोचण्यासाठी उपलब्ध झाले. १,५०२ अतिजोखमीच्या बालकांवरील चाचणीत रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण १०.६ टक्क्यांवरून ४.८ टक्क्यांवर आले.

हे यश मोठे होते. परंतु त्याची व्याप्ती मर्यादित होती. औषध अत्यंत महाग होते आणि साथीच्या मोसमात दर महिन्याला टोचावे लागे. त्यामुळे श्रीमंत देशांतही ते अपुऱ्या दिवसांच्या, तसेच हृदयाचा जन्मजात वा फुप्फुसाचा दीर्घकालीन विकार असलेल्या बाळांपुरतेच राहिले. वास्तविक या विषाणूने रुग्णालयात जाणारी बहुसंख्य बाळे पूर्ण दिवसांची व जन्मतः निरोगी असतात. त्यांच्यासाठी १९९८ नंतरही काहीच नव्हते.

प्रथिनाच्या आकाराचा शोध

निर्णायक वळण २०१३ मध्ये आले. विषाणूच्या पृष्ठभागावर ‘एफ’ नावाचे एक प्रथिन असते. विषाणू मानवी पेशीत शिरताना हे प्रथिन आपला आकार बदलते. शिरण्यापूर्वीचा आकार निराळा, शिरल्यानंतरचा निराळा. सर्वाधिक प्रभावी प्रतिपिंडे पहिल्या आकाराला ओळखतात. पण तो आकार अस्थिर असल्यामुळे प्रयोगशाळेत हाती लागत नव्हता. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील जेसन मॅक्लेलन, पीटर क्वांग आणि बार्नी ग्रॅहम यांनी सहकाऱ्यांसह या पूर्वाकाराची रचना २०१३ मध्ये उलगडली आणि त्याला स्थिर करण्याची युक्तीही त्याच वर्षी प्रसिद्ध केली. प्रथिनाला पूर्वाकारात जखडून ठेवण्याचे हेच तत्त्व पुढे कोविड-१९ च्या काही प्रमुख लसींत वापरले गेले.

१९६६ च्या अपयशाचा अर्थही या शोधाने अधिक स्पष्ट झाला. फॉर्मालिनच्या प्रक्रियेत पूर्वाकार टिकत नव्हता. शिशूंची शरीरे विषाणूचा जो आकार ओळखण्यास शिकली तो विषाणूला रोखण्याच्या दृष्टीने फारसा उपयोगाचा नव्हता.

या ज्ञानावर दोन साधने उभी राहिली. पहिले नर्सेव्हिमॅब हे दीर्घकाळ टिकणारे मोनोक्लोनल प्रतिपिंड. एका मात्रेत ते साथीचा पूर्ण मोसम संरक्षण देते. त्याला युरोपीय संघात २०२२ मध्ये आणि अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये मान्यता मिळाली. दुसरे साधन म्हणजे गरोदर स्त्रीला टोचावयाची पूर्वाकाराधारित लस. तिला अमेरिकेत ऑगस्ट २०२३ मध्ये मान्यता मिळाली. चाचणीत तिने बाळाच्या जन्मानंतरच्या ९० दिवसांत तीव्र आजार ८१.८ टक्के आणि १८० दिवसांत ६९.४ टक्के कमी केला. एक साधन बाळाला थेट प्रतिपिंड देते, दुसरे आईमार्फत देते. शिशूच्या स्वतःच्या प्रतिकारयंत्रणेला डिवचण्याचे काम दोन्ही साधने टाळतात.

थांबण्याची शिस्त

हा प्रवास यानंतर निर्वेध झाला असे नाही. गरोदर स्त्रियांसाठीच्या दुसऱ्या एका लसीची चाचणी फेब्रुवारी २०२२ मध्ये थांबविण्यात आली, कारण लस मिळालेल्या गटात अकाली प्रसूतीचे प्रमाण अधिक दिसले. ते ६.८ टक्के होते, तर तुलनेच्या गटात ४.९ टक्के. हे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२४ मध्येच थेट शिशूंना देण्याच्या एमआरएनए लसीच्या चाचणीत लस मिळालेल्या बाळांमध्ये तीव्र आजाराची चिन्हे अधिक दिसल्याने तीही थांबविली गेली. अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने डिसेंबर २०२४ मध्ये या विषयावर जाहीर चर्चा केली.

१९६६ आणि २०२४ यांतील फरक येथे लक्षात येतो. धोका दोन्ही वेळी समोर आला. दुसऱ्या वेळी मात्र तो ओळखण्याची व्यवस्था आधीपासून सज्ज होती, कारण काय पाहावयाचे हे १९६९ च्या नोंदींनी शिकविले होते. लसीविषयीचा विश्वास प्रतिकूल निष्कर्ष लपवून टिकत नाही. ते वेळीच उघड केल्याने तो टिकतो, हे या दोन प्रसंगांवरून दिसते.

कार्यक्रमांचा प्रारंभ

स्पेनच्या गॅलिसिया प्रांताने सप्टेंबर २०२३ मध्ये सर्व नवजात शिशूंना नर्सेव्हिमॅब देण्याचा कार्यक्रम हाती घेतला. ९० टक्क्यांहून अधिक शिशूंपर्यंत तो पोहोचला आणि पहिल्या मोसमात आरएसव्हीमुळे रुग्णालयात दाखल होण्यापासून सुमारे ८२ टक्के संरक्षण मिळाल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्जेंटिनाने २०२४ मध्ये गरोदर स्त्रियांसाठीची लस राष्ट्रीय लसीकरणात घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२५ मध्ये मातृलसीला आपली पूर्वमान्यता दिली. मे २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भूमिकापत्रात सर्व देशांनी या दोहोंपैकी एका वा दोन्ही साधनांचा अवलंब करावा, अशी शिफारस तिने केली.

न मोजलेले मृत्यू

येथे इतिहासाची दुसरी बाजू समोर येते. २०१९ च्या ज्या अंदाजाचा उल्लेख प्रारंभी केला त्यानुसार या विषाणूमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी ९७ टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. शिवाय एकूण १ लाख १ हजार ४०० मृत्यूंपैकी रुग्णालयात झालेले मृत्यू केवळ २६ हजार ३०० होते. म्हणजे चारांपैकी जवळजवळ तीन बालके रुग्णालयाबाहेर दगावली. घरी दगावलेल्या बाळाच्या नाकातील स्राव कोणी तपासत नाही. ‘ताप-खोकला’ किंवा ‘न्यूमोनिया’ एवढीच त्याच्या मृत्यूची ओळख राहते, आणि तीही कुठे लिहिली गेली तर.

महाराष्ट्राचा संबंध येथे थेट येतो. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातीलच आरोग्य कार्यकर्त्यांना न्यूमोनिया ओळखून प्रतिजैविके देण्याचे प्रशिक्षण दिले आणि त्यामुळे बालमृत्यू घटल्याचे १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. गावातील मृत्यू गावातच मोजल्याशिवाय हे सिद्ध होऊ शकले नसते. मात्र प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. विषाणूजन्य आजाराचा वाटा स्वतंत्रपणे शोधणे शिल्लक होते. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात डॉ. आशिष सातव व सहकाऱ्यांनी दोन वर्षांखालील बालकांमधील आरएसव्हीचा शोध रुग्णालय व गाव अशा दोन्ही ठिकाणी घेतला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने रुग्णालयाच्या भिंतीबाहेरील मृत्यूंनाही नोंदीत आणले. आफ्रिकेत झांबियाची राजधानी लुसाका येथे मृत शिशूंच्या तपासणीवर आधारित असाच प्रयत्न झाला. आरएसव्ही आढळलेल्या शिशूंपैकी निम्म्याहून अधिक शिशू रुग्णालयाबाहेर दगावले होते, असे त्यात दिसून आले.

भारतात विस्तारित लसीकरण कार्यक्रम १९७८ मध्ये आणि सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला. त्यात २०२५ पर्यंत आरएसव्हीवरील साधनांचा समावेश झालेला नव्हता. किंमत हे त्याचे एक कारण आहेच. पण ज्या आजाराचे मृत्यू दिसतच नाहीत त्यावर खर्च करण्याची निकड शासनाला जाणवत नाही, हे कारणही दुर्लक्षिण्यासारखे नाही. वास्तविक दोन्ही साधनांसाठी लागणारी चौकट आपल्याकडे आहे. गरोदर स्त्रीला धनुर्वाताची लस टोचून बाळाला वाचविण्याचा आपला अनुभव जुना आहे. माता व नवजात शिशूंमधील धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये प्रमाणित झाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये देशातील ८८.६ टक्के आणि महाराष्ट्रातील ९४.७ टक्के प्रसूती आरोग्य संस्थांत झाल्या. बीसीजी, पोलिओची शून्य मात्रा आणि हिपॅटायटिस-बीची लस बाळाला तेथेच मिळते. आईला गरोदरपणी वा बाळाला जन्मतः आणखी एक टोचणी देण्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही.

निष्कर्ष

१) आरएसव्ही प्रतिबंधास झालेला विलंब विषाणूच्या गुंतागुंतीमुळे झाला, तसाच प्रतिपिंडांची गुणवत्ता न जोखता त्यांच्या संख्येवर विसंबल्यामुळेही झाला.
२) १९६६ च्या अपयशाची प्रामाणिक नोंद, जपलेले नमुने आणि त्यांचे पुनर्परीक्षण यांमुळे पुढील संशोधनाला दिशा मिळाली.
३) या टप्प्यावर सिद्ध झालेले संरक्षण आईकडून किंवा तयार प्रतिपिंडातून मिळणारे आहे; शिशूला थेट लस देण्याचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.
४) संरक्षण प्रथम श्रीमंत देशांत पोहोचले, मृत्यू मुख्यतः इतरत्र होत राहिले. हे अंतर भरून काढण्यासाठी किमतीच्या प्रश्नाबरोबरच गावपातळीवरील शिशुमृत्यूंच्या कारणांची नोंद हा प्रश्नही हाती घ्यावा लागेल.

वॉशिंग्टनमधील दोन बालकांच्या मृत्यूची नोंद झाली आणि तिच्यातून जगाला ज्ञान मिळाले. मेळघाटातील किंवा लुसाकातील बालकाचा मृत्यू तितक्याच काळजीने नोंदला गेला, तर त्या ज्ञानाचा लाभ त्याच्या मागून जन्मणाऱ्या भावंडांना मिळण्याची वाट मोकळी होईल. इतिहास, समाजशास्त्र, भूगोल व आरोग्यविज्ञान या विषयांच्या अध्यापकांनी आपापल्या परिसरातील शिशुमृत्यूंचा एकत्र अभ्यास हाती घेतल्यास या कामी महाविद्यालयांचाही हातभार लागू शकेल.